मेहनत किती, खुराक किती?

पोराला तालमीत घालायला आलेला बाप वस्तादांना पहिल्या भेटीत दोन प्रश्न हमखास विचारतो. याला रोज किती जोर-बैठका माराव्या लागतील? आणि दूध-तूप किती लागेल? अलीकडे त्यात आणखी दोन प्रश्नांची भर पडली आहे. जिमला घातला तर चालेल का, आणि तो पावडरचा डबा द्यायचा का? चारही प्रश्न रास्त आहेत. पैलवानाचा खुराक साध्या घराला जड जातो. म्हैस विकून बदाम आणणारी घरं आपल्याकडे आहेत. एवढा पैसा आणि पोराच्या उमेदीची आठ-दहा वर्षं पणाला लागत असतील, तर उत्तरं सांगोवांगीची नसावीत.

ती उत्तरं इथे एकेक करून पाहू. मेहनत आणि खुराक यांचा हिशेब एकाच वहीत मांडायचा, हे या प्रकरणाचं सूत्र. एक बदललं की दुसरं बदलायलाच हवं. उदाहरणं कुस्तीची घेतली आहेत, पण ज्युदो, कराटे किंवा बॉक्सिंग खेळणाऱ्यांनाही तत्त्वं हीच लागू पडतात.

१. कुस्तीला कुठली ताकद लागते?

मातीवरची कुस्ती निकाली असायची. पाठ मातीला लागेपर्यंत लढायचं. जोड तोडीस तोड असेल तर बराच वेळ नुसती झटापट चालायची. मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. दोन्हींत ताकद लागते, पण ती एकाच जातीची नाही.

शरीर स्नायूंना तीन प्रकारे इंधन पुरवतं. चूल पेटवताना आपण जे करतो, तसंच हे आहे. आधी कापराची वडी लावतो, ती भप्पकन पेटते आणि लगेच विझते. मग काटक्या धरतात. जाळ मोठा होतो, पण धूरही फार होतो. शेवटी बाभळीचा ओंडका पेट घेतो. तो संथ जळतो, पण तासन्‌तास पुरतो.

स्नायूंतला कापूर म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. दुहेरी पट काढताना किंवा समोरच्याला कलाजंगावर घेऊन उचलताना जो एकदम जोर लागतो, तो याच्यावर. पूर्ण ताकद लावली तर हा साठा दहाएक सेकंदांत संपत येतो. काटक्या म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, जिला ग्लायकोजन म्हणतात. पुरेसा प्राणवायू पोहोचत नसतानाही ती जळू शकते, आणि मिनिट-दोन मिनिटांची झुंज तिच्यावर निभते. मात्र मांड्या भरून येतात, हात जड होतात, तो हिचा धूर. ओंडका म्हणजे प्राणवायूच्या मदतीने साखर आणि चरबी सावकाश जाळणं. ज्याला आपण दम म्हणतो तो हा.

ओंडक्याचं आणखी एक काम आहे. विझलेला कापूर पुन्हा भरून देतो तो ओंडकाच. विश्रांतीत तीस सेकंदांत जवळपास अर्धा कापूर भरतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणून ज्याचा दम चांगला, त्याचा दुसऱ्या फेरीतला पटही पहिल्या फेरीइतकाच जोरकस निघतो.

ही विश्रांती न मिळाल्याची किंमत काय असते, ते १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दिसलं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी कुस्ती लढले, आणि पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव्हसमोर उभं राहावं लागलं. इशीने सुवर्ण जिंकलं, ममदबेयोव्हने रौप्य आणि खाशाबांनी कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पैलवान कितीही तयारीचा असो, कापूर भरायला लागणारा वेळ शरीराला द्यावाच लागतो.

२. हजार बैठका काय देतात?

आता पहिला प्रश्न. जो मुलगा आज वीस बैठकांत धापा टाकतो, त्याला शंभर बैठका ताकदही देतात आणि दमही. पण शंभर सहज निघायला लागल्या की पुढच्या प्रत्येक शंभरीने ताकद थोडी आणि चिवटपणा जास्त वाढतो. हजार बैठका मारणाऱ्याच्या मांड्या थकत नाहीत, हे खरं. तेवढ्यावरून तो ऐंशी किलोचा गडी उचलून फेकेल, असं मात्र म्हणता येत नाही. जास्तीत जास्त जोर वाढवायचा तर स्नायूंना जड ओझं द्यावं लागतं. इतकं जड, की पाच-सहा वेळा उचलल्यावर आणखी एक-दोनदाच उचलता येईल.

प्राचीन ग्रीसमधल्या क्रोटनच्या मायलोची दंतकथा व्यायामाच्या पुस्तकांत नेहमी भेटते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला हा मोठा पैलवान. तो म्हणे एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू वाढत गेलं तशी त्याची ताकद वाढत गेली, आणि शेवटी तो अख्खा बैल उचलू लागला. कथेतला बैल सोडून देऊ, कारण वासरू कुठल्याही माणसाच्या ताकदीपेक्षा लवकर वाढतं. पण तत्त्व पक्कं आहे. ओझं थोडं थोडं वाढत राहिलं, तरच शरीर ताकद वाढवण्याची तसदी घेतं. वर्षभर रोज त्याच पाचशे बैठका मारणारा पहिल्या काही महिन्यांत जे कमवायचं ते कमावतो; पुढे तो ते फक्त राखत असतो.

३. तालमीत वजनं होतीच

याचा अर्थ जुनी मेहनत चुकीची होती, असा कुणी काढू नये. जुनी तालीम नीट पाहिली तर तिथे लोखंड कमी, पण ओझी भरपूर दिसतात.

आखाडा उकरणंच घ्या. ताक, लिंबू, तेल, हळद घालून मुरवलेली तांबडी माती रोजच्या झोंबाझोंबीने दाबून घट्ट बसते. पैलवान पाय फाकवून उभा राहतो, कमरेत वाकतो, पाठ सरळ ठेवून खोरं मातीत घुसवतो, ढेकूळ आपल्याकडे ओढतो आणि उलथून टाकतो. आखाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हेच चालतं. या कामात कंबर, पाठीचा खालचा भाग आणि मांडीची मागची बाजू यांना जो ताण बसतो, तोच जिममध्ये जमिनीवरून बार उचलताना, म्हणजे डेडलिफ्टमध्ये बसतो. शेवटी पंजे इतके आंबतात की मूठ वळत नाही. म्हणजे पकडीची मेहनतही त्यातच झाली.

बाकीचंही असंच. जोर मारल्याने छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू तयार होते, बैठकीने मांड्या. दोर चढल्याने आणि मल्लखांबाने ओढण्याची ताकद येते. जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारणं, त्याला उचलून तालमीला फेऱ्या घालणं हे मायलोचं वासरूच. करेल आणि मुद्गल फिरवून खांद्याचे सांधे मोकळे आणि मजबूत होतात. मानेचा पूल करून मान तयार होते, आणि कुस्तीत मान तयार नसणं धोक्याचं.

घोटाळा झाला तो पुढे. तालमीतून आखाडा उकरणं आणि दोर चढणं हळूहळू कमी झालं, जोर-बैठका तेवढ्या राहिल्या. तिकडे जिममध्ये गेलेली पोरं आरशात दिसणाऱ्या छाती-दंडांच्या मागे लागली. दोन्हीकडे नेमकी पाठ, कंबर आणि पकड उपाशी राहिली. आणि कुस्ती तर जास्तीत जास्त ओढण्या-उचलण्याची. ढाक लावायची असो की पट काढायचा, समोरच्याला आपल्याकडे खेचल्याशिवाय काम होत नाही.

तेव्हा जिमला घालावं का, याचं उत्तर असं. ढकलणं, ओढणं, बसून उठणं, कमरेतून उचलणं आणि ओझं वाहून नेणं ही पाच कामं वाढत्या ओझ्याने होत असतील, तर ती तालमीत झाली काय आणि जिममध्ये झाली काय, शरीराला फरक पडत नाही. बारचा फायदा इतकाच की अडीच किलो वाढवणं सोपं जातं. जोडीदाराचं वजन असं मोजून वाढवता येत नाही.

४. आठवडा कसा लावायचा?

सतरा वर्षांचा, साठ किलोचा मुलगा धरू. तो रोज सकाळ-संध्याकाळ तालमीत जातो. डाव आणि लढत हे त्याचं मुख्य काम. वजनाची मेहनत त्याला पूरक. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवून, पाऊण ते एक तास पुरतो.

बार खांद्यावर घेऊन बैठका: पाचाचे तीन संच.
जमिनीवरून बार उचलणं: पाचाचे दोन संच.
दोर चढणं किंवा बारला लटकून हनुवटी वर नेणं: चार संच.
पाठीवर वजन घेऊन जोर: सहा ते आठचे तीन संच.
दोन्ही हातांत जड वजनं घेऊन चालणं: तीन फेऱ्या.
मानेची मेहनत: हलके दोन संच.

जड संचांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बसायचं. ते आळसाचं बसणं नव्हे. कापूर बराचसा पुन्हा भरायला तेवढा वेळ लागतो.

ओझं कसं वाढवायचं? समजा, पहिल्या आठवड्यात मुलाने चाळीस किलोचा बार घेऊन पाच-पाच बैठका नीट काढल्या. दर आठवड्याला अडीच किलो वाढवले, तर बाराव्या आठवड्यात बार साडेसदुसष्ट किलोचा होतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाहून जड. मध्ये परीक्षा येतील, ताप येईल, एखादा आठवडा वजन हलणार नाही. बिघडत नाही, तेच वजन पुन्हा करायचं. नवख्याची ताकद सुरुवातीला झपाट्याने वाढते, कारण पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फुगण्याआधी मज्जासंस्था असलेले स्नायू नीट वापरायला शिकते. पुढे वेग मंदावतो, तेव्हा महिन्याला अडीच किलो वाढले तरी पुष्कळ. मैदान आठवड्यावर आलं की संच निम्मे करायचे. ओझं तेच ठेवायचं.

वजनं उचलून उंची खुंटते का, ही आईबापांची जुनी भीती. जाणत्याच्या नजरेखाली, पद्धत शिकून, झेपेल तेवढं ओझं उचलणाऱ्या मुलांची उंची त्यामुळे खुंटत नाही. उंची खुंटवणारी गोष्ट वेगळीच आहे. तिच्याकडे नवव्या भागात येऊ.

आणि झोप. ताकद मेहनतीत खर्च होते आणि विश्रांतीत तयार होते. पहाटे चारला उठणाऱ्या मुलाने रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहिला तर त्याच्या अर्ध्या मेहनतीवर पाणी पडलं. वाढत्या वयात आठ-नऊ तास लागतात. जुन्या तालमींत दुपारी जेवून सगळे पैलवान आडवे व्हायचे, त्यात ही पहाटेची वजावट भरून निघायची.

५. प्रथिनं: साठ किलोच्या मुलाला किती?

आता खुराक. मेहनतीने स्नायूंची जी झीज होते, ती भरून काढून वर थोडी भर घालण्याचं सामान म्हणजे प्रथिनं. ताकदीची मेहनत करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ते २ ग्रॅम प्रथिनं पुरतात. साठ किलोच्या मुलाला झाले ९६ ते १२० ग्रॅम. ती घरच्या जेवणातून निघतात का, पाहू.

म्हशीचं दूध १ लिटर: सुमारे ४० ग्रॅम.
अंडी ४: २५ ग्रॅम.
ज्वारीच्या ४ भाकरी, म्हणजे साधारण २४० ग्रॅम पीठ: २४ ग्रॅम.
६० ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण: १३ ग्रॅम.
फुटाणे ५० ग्रॅम: १० ग्रॅम.

बेरीज ११२. यात मटण नाही, बदाम नाही, डबा नाही. माळकरी घरातला मुलगा अंडी खात नसेल तर पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या अंड्यांची जागा भरून काढतात. भाकरीबरोबर डाळ, पिठलं किंवा उसळ हवीच. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो; दोन्ही मिळून काम पुरं होतं.

ही प्रथिनं एकाच जेवणात कोंबू नयेत. दिवसभरात चार वेळा, दर वेळी पंचवीस-तीस ग्रॅम, अशी विभागली तर स्नायूंच्या कामी जास्त येतात. आणि दर किलोमागे दोन ग्रॅमच्या वर खाल्लेलं बहुतेक नुसतं इंधन म्हणून जळतं. महागाचं सरपण.

६. थंडाई आणि तूप

मग बदाम, तूप, थंडाई कशासाठी? कोल्हापूरच्या तालमीत मेहनत संपली की कुणीतरी दगडी कुंडी पुढ्यात घेतं. रात्री भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, मगज बी, चार मिरे घालून लाकडी सोट्याने गोल गोल घोटत राहायचं. थोडं थोडं दूध घालत गेलं की लगदा सैल होतो, बोटांना कण लागेनासा होतो. मग फडक्यातून गाळून, साखर घालून तांबेच्या तांबे रिकामे होतात.

एका माणसाच्या थंडाईचा हिशेब मांडू. पन्नास ग्रॅम बदाम, अर्धा लिटर म्हशीचं दूध, पन्नास ग्रॅम साखर. प्रथिनं तीस ग्रॅम, आणि ऊर्जा साधारण हजार कॅलरी. कॅलरी हे अन्नातली ऊर्जा मोजायचं माप. साठ किलोच्या मुलाने तासभर कसून मेहनत केली तर ४०० ते ५०० कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक थंडाई दोन तासांची मेहनत भरून काढते.

पहाटेपासून चार-पाच तास अंग मोडून घेणाऱ्या पैलवानाला एवढी ऊर्जा नुसत्या भाकरीतून घ्यायची तर पोटात जागा उरत नाही. थोड्या जागेत जास्त ऊर्जा भरणारे पदार्थ म्हणून तूप, लोणी, बदाम खुराकात आले, आणि त्या मेहनतीला ते शोभलेही. पण तूप म्हणजे ताकद, हे समीकरण खरं नाही. शंभर ग्रॅम तुपात नऊशे कॅलरी असतात आणि प्रथिनं शून्य. शंभर ग्रॅम बदामात वीसएक ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढीच शंभर ग्रॅम फुटाण्यांत मिळतात, तीही बदामापेक्षा कितीतरी कमी किमतीत. मुलगा दिवसाला दीड तास खेळतो आणि खुराक चार तासांच्या मेहनतीचा घेतो, तर उरलेलं पोटावर बसणार. बदाम परवडत नाहीत म्हणून पैलवानकी सोडायचं कारण नाही, एवढं बापाने पक्कं ध्यानात घ्यावं.

७. भाकरी कमी करू नका

पैलवान दुधा-तुपाचा अभिमान धरतो आणि भाकरी-भाताला पोट भरण्याचं साधन समजतो. पण कुस्तीतल्या काटक्या येतात त्या भाकरी-भातातूनच. धान्य, कंदमुळं, फळं आणि गूळ यांतल्या पिठूळ-गोड भागाला कर्बोदकं म्हणतात. शरीर त्यांची साखर करतं आणि स्नायूंत ग्लायकोजन म्हणून साठवतं. रोज दोन वेळा मेहनत करणाऱ्याला दर किलो वजनामागे पाच ते सात ग्रॅम कर्बोदकं लागतात. आपल्या मुलाला तीनशे ते चारशे वीस ग्रॅम. चार भाकरी, शंभर ग्रॅम तांदळाचा भात, वरण, लिटरभर दूध, दोन केळी आणि गुळाचा खडा एवढ्यांत चारशेच्या आसपास होतात.

वेळही महत्त्वाची. मेहनतीआधी तासभर केळं किंवा मूठभर पोहे चालतात. तूपकट काही नको, ते पोटात रेंगाळतं. मेहनतीनंतर मात्र लवकर जेवावं, कारण संध्याकाळच्या लढतीआधी साठा भरायचा असतो. भाकरी सोडून नुसती अंडी आणि पावडर खाणारा मुलगा दुसऱ्या फेरीत हात टेकतो, तेव्हा त्याची ताकद कमी नसते. काटक्या संपलेल्या असतात.

मुलींबाबत एक गोष्ट आवर्जून. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. तेव्हापासून तालमीत येणाऱ्या मुलींना समोर एक नाव आहे. त्यांना लोह जास्त लागतं. पालेभाज्या, कडधान्यं आणि त्यावर लिंबू पिळणं हा साधा उपाय, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. मेहनत वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली, तर ते तयारीचं लक्षण समजू नये. खाणं कमी पडतंय, असा तो इशारा आहे, डॉक्टरांकडे जावं.

८. काट्यावरची कुस्ती

मातीवर जोड नजरेने लागते. मॅटवर काटा ठरवतो. स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही सकाळी वजन होतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२४ मध्ये, विनेश फोगाटने ५० किलो गटात पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली, त्यात तोवर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अजिंक्य असलेल्या युई सुसाकीलाही हरवलं. दुसऱ्या सकाळी वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. त्याच स्पर्धेत ५७ किलो गटातल्या अमन सेहरावतचं वजन उपांत्य फेरीनंतर साडेचार किलोंहून जास्त वाढलं होतं. रात्रभर घाम गाळून ते उतरवलं आणि त्याने कांस्यपदक मिळवलं.

एका रात्रीत चार किलो चरबी जळत नसते. जातं ते पाणी. एक ग्रॅम ग्लायकोजन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भाकरी-भात बंद केला की काटक्याही जातात आणि पाणीही. उरलेलं घामावाटे काढतात. रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, अंगातली उष्णता बाहेर पडेनाशी होते. अमेरिकेत १९९७ च्या शेवटी जेमतेम महिन्याभरात तीन महाविद्यालयीन पैलवान असं वजन उतरवताना दगावले. अंगावर घाम आणणारे रबरी सूट, बंद गरम खोली आणि पाणी वर्ज्य. त्यानंतर तिथले नियम बदलले. हंगामाआधी पैलवानाच्या अंगातलं पाणी आणि चरबी मोजून, त्याने किती खाली उतरायचं याची मर्यादा घालून दिली गेली.

ऑलिंपिकमधल्या पैलवानाभोवती डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांचा ताफा असतो. तालुक्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या मुलाने त्याची नक्कल करू नये. वाढत्या वयाच्या मुलाने तर वजन तोडण्याच्या फंदातच पडू नये. वरच्या गटात खेळावं. मोठ्या पैलवानाला साठावरून सत्तावन्नवर यायचं असेल, तर आठवड्याला अर्धा किलो या बेताने सहा आठवडे लागतात. त्यासाठी रोजच्या खाण्यातून पाचशे-साडेपाचशे कॅलरी कमी करायच्या. वरचा हिशेब आठवला तर ही अर्धी थंडाई झाली. प्रथिनं आणि भाकरी शक्यतो तशीच ठेवायची, कात्री तुपा-साखरेला लावायची.

एरवीही काट्याचा उपयोग करावा. मेहनतीआधी आणि नंतर वजन करायचं. किलोभर घटलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी प्यायचं, आणि घामात गेलेलं मीठही परत द्यायचं. चैत्र-वैशाखात मीठ घातलेलं ताक यासाठी उत्तम.

९. डबा आणि सुई

व्हे पावडर हे दुधातलंच प्रथिन, वाळवून डब्यात भरलेलं. एका चमच्यात वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं, म्हणजे सहाशे मिलिलिटर म्हशीच्या दुधाइतकी. दुधातली चरबी नको असेल किंवा दौऱ्यावर जेवणाची सोय नसेल तर ती सोयीची. जे घरात मिळतंय, ते डब्यातून घेऊन जादा ताकद येत नाही.

क्रिएटिन हे वर पाहिलेल्या कापराचंच सामान. प्रौढ खेळाडूने रोज तीन ते पाच ग्रॅम घेतलं तर छोट्या-छोट्या झटक्यांच्या ताकदीत थोडा फायदा होतो, आणि यावर संशोधनही भरपूर झालं आहे. मात्र ते स्नायूंत पाणी धरतं, त्यामुळे किलोभर वजन वाढू शकतं. गट सांभाळणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

कुठलाही डबा घेताना एक नियम विसरू नये. उत्तेजक चाचणीत जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. डब्यात भेसळ होती, कुणीतरी दिलं म्हणून घेतलं, ही सबब बंदी सहसा टाळत नाही.

आणि सुई. चार महिन्यांत अंग भरवून देतो म्हणणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. त्याच्याकडे बहुधा स्टिरॉइडं असतात, म्हणजे पुरुषी संप्रेरकाच्या नकला. त्यांनी रक्तदाब वाढतो, हृदयाला इजा होते, शरीराचं स्वतःचं संप्रेरक बनणं थांबतं. आणि वाढत्या वयात घेतली तर हाडांची वाढती टोकं वेळेआधी बंद होतात. उंची खुंटते ती इथे. गंमत अशी की बार उचलायला नको म्हणणाऱ्या घरातलाच मुलगा कधी कधी या सुईपर्यंत पोहोचलेला असतो.

१०. कुस्ती सुटल्यावर

खरी परीक्षा तिशीनंतर होते. कुस्ती सुटते, नोकरी किंवा शेती सुरू होते, मेहनत चार तासांवरून शून्यावर येते. खुराक मात्र सवयीने चालू राहतो. भूकही सहजासहजी कमी होत नाही, आणि लोकही आग्रह करतात. पैलवान माणूस, दोनच भाकरी कशा? रोज पाचशे कॅलरी उरल्या तर साधारण दोन आठवड्यांत किलोभर चरबी साठते. नावाजलेले गडी पन्नाशीत मधुमेह आणि रक्तदाबाने खंगलेले दिसतात. त्याचा दोष लोक दूध-तुपाला देतात, पण बिघडलेला असतो तो हिशेब.

म्हणून कुस्ती सोडतानाही क्रम ठेवावा. पहिल्या महिन्यात थंडाई आणि तूप निम्म्यावर आणायचं, दुसऱ्या महिन्यात भाकरी-भात कामाच्या मानाने कमी करायचा. प्रथिनं फारशी उतरवू नयेत, कारण वय वाढतं तसे स्नायू टिकवायला ती लागतातच. आठवड्यातले वजनाचे दोन दिवस तेवढे सोडायचे नाहीत. त्यांना कुस्तीची, मैदानाची किंवा जोडीदाराची गरज नसते. पोराला तालमीत घालतानाच बापाने वस्तादांना पाचवा प्रश्न विचारावा: हा कुस्ती सोडेल तेव्हा काय खाईल? याचं उत्तर ज्या तालमीत मिळतं, तिथे बाकीच्या चारांचीही धड मिळतील.